न मोडलेला हात

कात्रज, ता. ९ जुलै

ललिता,

जाताना खलातला लोखंडी बत्ता तेवढा उचलून नेलास. दोन महिने झाले, मी लसूण वाटीच्या बुडानं ठेचते. अंगावरचं सोनं ठेवून बत्ता नेणारी सून मी तरी पहिलीच बघितली.

असो. आशीर्वाद. कर्वेनगरला भावाकडं बरी असशील. इकडं माझी पाठ गेली हाय. परवा तुझी लेक उत्कर्षा वह्या न्यायला आली, मला वाकलेली बघून रिक्षात घातलं. डॉक्टरनं हाडांची घनता मोजायला सांगितली.

मशीनवरची पोरगी शहाणी. म्हणाली, हाड अंगभर सारखं नसतं, मणक्याचं वेगळं, खुब्याचं वेगळं, हाताचं वेगळं. पाळी कधी गेली, दूध किती प्यायलात, उन्हात किती असायचात, सगळं विचारलं. मी म्हटलं, दूध डेअरीला जायचं, ऊन मात्र फुकट होतं, पोटभर खाल्लं.

खुबा भुसभुशीत निघाला. मणके चेपलेले, आकडा खरा येईना. म्हणून डावा हात ठेवा म्हणाली. हा मोडलेला हाय, म्हटलं. मोडून जुळलेलं हाड खोटा आकडा देतं म्हणे. मग उजवा द्या. तोही मोडलेला.

पोरगीनं विचारलं, "आजी, न मोडलेला हात कुठला?"

उत्कर्षा दारात उभी होती.

डावा तुझ्या सासऱ्यानं मोडला, भाकरी करपली म्हणून. ते गावाला ठाऊक हाय. उजवा तीन वर्षांमागं, तू माहेरी असताना. मोरीत घसरले असं तुला सांगितलं होतं. मोरी कोरडी होती. माझा चेतन जेवत होता, मी मध्ये बोलले. त्यानं उठून बत्ता घेतला. मी डाव्या हातानं तो धुतला आणि परत खलात ठेवला. तिथूनच त्यानं तुझ्यासाठी उचलला.

तुझं मनगट फुटलं तेव्हा दवाखान्यात मीच पुढं झाले. घसरली, म्हटलं, हाडं ठिसूळ हायत तिची. डॉक्टरनं तुझीही घनता मोजली. मणका, खुबा, दुसरा हात, सगळं ठणठणीत. तो कागद माझ्या गादीखाली होता.

काल तो घेऊन चौकीत गेले. खोटं बोलले ते सांगितलं, माझ्या उजव्या हाताचंही सांगितलं. घरी आले तर चेतन म्हणाला, "म्हातारे, उरलेली पण मोडीन."

"मोड," म्हटलं. "सगळी मोजून कागदावर आलीत. एक कमी झालं तर कळेल."

त्यानं ताट भिंतीवर मारलं नि निघून गेला. डाळ अजून भिंतीवरच हाय. विळी मी हाताशी ठेवलीय.

साहेब म्हणतात, सुनेचा जबाब पाहिजे, त्याशिवाय पुढं सरकत नाय. मी माफी मागत नाय, मागून हाड जुळत नाय. बत्ता घेऊन ये. धुतला नसशील तर तसाच आण.

मथुराबाई, जिनं तो धुतला

ता.क. येतेस का नाय, ते तू स्वतः लिही, त्याच हातानं. भावानं लिहिलेलं मी फोडणार नाय.