कॉर्कमधली रिकामी कबर

बिस्मिल्लाहिर्रहमानिर्रहीम.

मी, अब्दुल मजीद हसनमियाँ मुकादम, वय वर्षे चोपन्न, नोकरी पाइप-फिटर फोरमन, मूळ राहणार मौजे खारशेत, तालुका दापोली, जिल्हा रत्नागिरी, हल्ली मुक्काम फिंतास, कुवेत, हा कागद माझ्या हाताने लिहून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. ब्लडप्रेशर आहे, पण ते गोळीने आटोक्यात राहते. माझ्यावर कोणाची जबरदस्ती नाही. फक्त बायकोने सांगितले आहे की वसीयत, म्हणजे मृत्युपत्र, लिहिल्याशिवाय ती मला आयर्लंडच्या विमानात पाय ठेवू देणार नाही. याला जबरदस्ती म्हणायचे की नाही ते वकिलाने ठरवावे. उर्दू मला वाचता येते, पण भांडता मराठीतच येते, म्हणून मराठीत लिहीत आहे.

कलम १. प्रवासाचे कारण. येत्या नऊ तारखेला मी, माझी पत्नी शहरबानू आणि मुलगी सफिया असे तिघे लंडनमार्गे आयर्लंडमधील कॉर्क या गावी जाणार आहोत. व्हिसे लागून पासपोर्ट परवाच हातात आले. खारशेतच्या माणसाचे आयर्लंडात काय काम, असे तिकिटाच्या खिडकीवरच्या बाईनेही विचारले आणि आमच्या सुपरवायझरनेही. काम असे की तिथे माझ्या दादीचे, म्हणजे अब्बांच्या आईचे, माहेर आहे. माझे आजोबा इब्राहिम मुकादम बोटीवर आगवाले होते, म्हणजे भट्टीत कोळसा मारायचे. १९११ साली कॉर्कच्या बंदरात ते तापाने पडले आणि बोट त्यांना टाकून निघून गेली. तिथल्या ज्या इस्पितळात त्यांना ठेवले होते तिथे कपडे धुणारी मेरी नावाची मुलगी त्यांच्याबरोबर मुंबईला आली. निकाह झाला, मेरीची मरियम झाली. पुढे तिने खारशेतला जन्म काढला, भाकऱ्या थापल्या, सुकट निवडली, आणि अब्बांना व आम्हा दोघा भावांना आपले हिरवे डोळे देऊन १९६८ साली ती वारली. माहेरचा विषय काढला की म्हणायची, "तिकडं माझं कुणी नाय रे आता." आम्ही समजायचो की तिकडचे सगळे मेले.

कलम २. ते मेले नव्हते. त्यांच्या लेखी दादीच मेली होती. हे मला अहमदीच्या इस्पितळातल्या सिस्टर आयलीनमुळे कळले. ती आयरिश. गेल्या वर्षी माझे ब्लडप्रेशर मोजताना माझ्या डोळ्यांकडे बघून ती हसली, तेव्हा मी तिला सगळी कथा सांगितली. सुट्टीवर गेली तेव्हा तिने कॉर्कच्या चर्चमध्ये चौकशी केली. परत आल्यावर माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, मिस्टर मुकादम, तुमची आजी सापडली, पण कबरस्तानात. घराण्याच्या दगडावर तिचे नाव कोरलेले आहे: मेरी, समुद्रात बुडून मृत्यू, १९११. खाली कोणी पुरलेले नाही. काळ्या खलाशाबरोबर गेलेल्या पोरीपेक्षा बुडालेली पोर तिच्या बापाला बरी वाटली, एवढाच अर्थ. ते ऐकून जो संताप आला तो अजून उतरलेला नाही.

दादीची सर्वांत धाकटी बहीण ब्रिजेट मात्र हयात आहे. वय त्र्याऐंशी. आयलीनने फोन लावून दिला. मी नाव सांगितले, दादीचे नाव सांगितले. म्हातारी म्हणाली, "मी चार वर्षांची होते, मला सांगितलं मेरी बुडाली. त्या दगडाला मी जन्मभर फुलं वाहिली. तू इतका उशीर का केलास?" म्हातारी खाटेला खिळलेली आहे आणि हिवाळा काढेल असे तिथले डॉक्टर म्हणत नाहीत. म्हणून यंदाच जायचे, ऑगस्टमध्येच जायचे, आणि तो दगड खोटा आहे हे त्या गावासमोर सांगून यायचे. बायको याला खूळ म्हणते. असेल खूळ.

कलम ३. या प्रवासापायी घरात जो तंटा झाला तो इथे लिहिणे भाग आहे, नाहीतर पुढची कलमे समजणार नाहीत. कुवेतला आलेली आपली माणसे शाळेला सुट्टी लागली की बायकापोरांना घेऊन गावी जातात. यंदा मी माझी रजा आयर्लंडसाठी राखली आणि मुंबईची तिकिटे काढलीच नाहीत. त्यामुळे आमच्या बिल्डिंगमध्ये आता आम्ही आणि खालचा इजिप्तचा चौकीदार एवढेच उरलो. घरमालक कुटुंबासह लंडनला. सिस्टर आयलीनही जुलैत सुट्टीवर गेली ती अजून आलेली नाही. जिन्यात कोणाच्या फोडणीचा वास नाही, पोरांचा धुडगूस नाही. लिफ्टचे दार वाजले तरी शहरबानू दचकते.

त्यात इराकच्या फौजा सरहद्दीवर येऊन बसल्या आहेत. माझा गाववाला रफीक बुरोंडकर, ज्याचे फरवानियात किराणा दुकान आहे, तो परवा आला आणि चहाला हात न लावता म्हणाला, "मजीदभाय, आमचा व्हॅनवाला सरहद्दीजवळ अब्दलीला माल टाकून आला. पलीकडं रणगाडेच रणगाडे दिसतात म्हणे. भाभीला नि पोरीला घरी धाडा. तिकिटाचं मी बघतो."

मी म्हटले, "अरे, तेलाच्या पैशावरून दोन सरकारं भांडतायत. जेद्दाला बोलणी ठरलीयत, रेडिओ सांगतोय. धमकी देतील, पैसे घेतील, गप बसतील."

शहरबानू दारात उभी होती. तिने कधी माझ्या तोंडावर आवाज चढवला नव्हता, तो परवा चढवला. "मेलेल्या बाईच्या नावासाठी तुम्ही जिवंत माणसांना इथं अडकवून ठेवलंय. दादी असती तर तिनंच तुम्हाला चपलेनं मारलं असतं!"

सफियाने पुस्तकातून मान वर न करता भर घातली, "अब्बा, शी हॅज अ पॉइंट." सतरा वर्षांची पोर, बोलते इंग्रजीत, पण बाजू आईचीच घेते.

मी चिडलो आणि जेवलो नाही. कोणी आग्रहही केला नाही.

कलम ४. वाटणी. मला मुलगा नाही. शरियतप्रमाणे पत्नीला आठवा हिस्सा, मुलीला निम्मा, आणि उरलेले सगळे माझा सख्खा भाऊ मुनव्वर याला जाते. अल्लाहचा हुकूम आहे, मान खाली घालून कबूल करतो. पण मुनव्वरने हा कागद वाचताना एवढे ध्यानात घ्यावे की तो हिस्सा मी त्याला देत नाही, तो त्याला मिळतो आहे. मी इथे उन्हात पाइप जोडत असताना त्याने दादीच्या खोलीत सिमेंटची पोती भरली आणि तिचा पाळणा जळणात घातला. मी आयर्लंडचे सांगितले तेव्हा फोनवर खो खो हसला, म्हणाला, "गोऱ्यांकडं वारसा मागायला चाललास काय?" त्याचेही डोळे हिरवेच आहेत. रोज दाढी करताना आरशात काय बघतो कोण जाणे. त्याने ती पोती काढावीत, खोलीला चुना लावावा, आणि खारशेतच्या घरात शहरबानू जोवर राहील तोवर तिला 'ऊठ' म्हणू नये. म्हटले तर कयामतच्या दिवशी गाठ माझ्याशी आहे.

इथल्या बँकेतली शिल्लक वरील हिश्श्यांप्रमाणेच वाटावी. रफीक म्हणतो, काढून गावी पाठवा. एवढी मोठी बँक काय रातोरात पळून जाणार आहे?

कलम ५. एक तृतीयांशापर्यंत मला मर्जीप्रमाणे देता येते, ते असे. माझी हत्यारांची पेटी, पाइप-पाने, आटे पाडायची डाय आणि लेव्हल यांसह, गुहागरकडील गणपत शिगवण याला द्यावी. तो फरवानियात दहा जणांच्या खोलीत राहतो, सुतारकाम करतो, आणि माझी हत्यारे नेली की पुसून परत आणणारा कुवेतमधला एकमेव माणूस आहे. बाकी जे उरेल त्यातून कॉर्कच्या त्या दगडावरचा खोटा मजकूर छिन्नीने काढावा आणि तिथे कोरावे: मेरी उर्फ मरियम, इब्राहिम मुकादम यांची पत्नी, खारशेत येथे नांदली, १९६८ साली वारली. 'नांदली' या शब्दाला इंग्रजीत काय म्हणतात ते सफियाने बघावे. मला तिथे पोचता आले नाही तर हे काम सफियाने करावे. करशील ना, बाळा? इथे मी हट्ट करत नाही, विनंती करतो.

कलम ६. माझे दफन. कुवेतमध्ये वारलो तर इथेच मातीला द्यावे, पेटीत घालून विमानाने मिरवू नये. खारशेतला वारलो तर दादीच्या पायथ्याशी. आणि मी कुठे आहे हे कळलेच नाही, तर कोणी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याचे सांगेपर्यंत मला मेलेला धरू नये. फातिहा पढू नये, शहरबानूला विधवा म्हणून इद्दतीला बसवू नये, माझे नाव कुठे कोरू नये. न पाहता माणूस मेला म्हणून सांगणारी एक पिढी आमच्या घराण्यात होऊन गेली, तेवढी पुरे.

कलम ७. इथपर्यंत लिहून आज दुपारी मी शहरबानूला सगळे वाचून दाखवले. तिचा मोहरमचा रोजा होता. ऐकून घेतले आणि म्हणाली, "आठवा हिस्सा राहू दे. माझ्या नावावर वेगळं काही लिहाल?"

मी म्हटले, "मर्जीच्या तिसऱ्या हिश्श्यातून वारसाला देता येत नाही."

"पैसे मागत नाय मी. मला नि सफियाला घरी जाऊ द्या, एवढं लिहा. तुम्ही जा तुमच्या आयर्लंडला."

ती रडत नव्हती. रडली असती तर मी कदाचित पुन्हा भांडलो असतो. तिचे हात थंडगार पडले होते, बाहेर ऑगस्टचे ऊन असताना. मला एकदम भीती वाटली. फौजेची नाही, तिच्या त्या हातांची.

म्हणून मी हयात असताना अमलात येणारे हे एकच कलम लिहितो. शहरबानू आणि सफिया यांनी मुंबईला जावे. मी नऊ तारखेला एकटा कॉर्कला जाईन, म्हातारीला भेटून, दगडाचे काम करून खारशेतला येईन. रफीकने तासाभरात तिकिटे मिळवली. त्याच्या म्हणण्याप्रमाणे आज रात्रीच्या विमानातही दोन जागा होत्या, आणि शहरबानू अंगावरच्या कपड्यांनिशी निघायला तयार झाली होती. मीच नको म्हटले. मजीद मुकादमची बायको-पोर कुवेतहून रिकाम्या हातांनी आली, हे काय खारशेतने मुनव्वरच्या ओट्यावर बसून बोलायचे? एका रात्रीने काही आभाळ कोसळत नाही. मगरिबच्या नमाजनंतर दोघींना फरवानियाला नेले. दोन ब्लँकेटे, टँग सरबताचे डबे, अत्तर, मुनव्वरच्या बायकोला साडी, आणि हो, मुनव्वरलाही दाढीचे सामान घेतले. बॅगा भरून दोरीने बांधल्या, वर नाव-गाव लिहिले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा शहरबानू आज पोटभर जेवली. सफिया आरशासमोर उभी राहून गावच्या मैत्रिणींना काय काय सांगायचे ते मराठीतून घोकते आहे.

विमान उद्या सकाळी आठला आहे.

वरील मजकूर मी वाचून, समजून, राजीखुशीने लिहिला आहे. खाली साक्षीदारांसमोर सही करतो.

सही: अब्दुल मजीद हसनमियाँ मुकादम

साक्षीदार १: रफीक दाऊद बुरोंडकर, फरवानिया. मजीदभाईंनी माझ्यासमोर सही केली.

साक्षीदार २: गणपत राघो शिगवण, फरवानिया. चाचांनी माझ्यासमोर सही केली. मी पहाटे पाचला गाडी घेऊन खाली हजर राहतो, भाभींनी काळजी करू नये.

ठिकाण: फिंतास, कुवेत
वार व तारीख: बुधवार, १ ऑगस्ट १९९०