गुडघाभर पाण्याची गाडी

माय, मागच्या महिन्यात लातूरला रिंगरोडवर मी एक गाडी बघून आले. तू बघितली असतीस तर पदर तोंडाला लावून हसली असतीस. लोखंडी नळ्यांचा पिंजरा, वर छप्पर, दारं नाहीत, दोन माणसं शेजारी-शेजारी बसतील एवढीच जागा, मागे एक बाई आडवी होऊ शकेल न शकेल असा हौदा, आणि ट्रॅक्टरसारखी खोल नक्षीची चार बुटकी चाकं. बाहेरच्या देशातून येते, आणि त्या जातीतली ही स्वस्तातली. विकणारा माणूस गोड बोलत होता. ‘मॅडम, चिखल म्हना, दगड म्हना, कुठंबी चढती. फार्महाऊसवाले लई घेऊन जायलेत.’ पासिंग होतं का, मी विचारलं. ‘न्हाई, ती रोडवर चालवायची नसती. आपल्या रानात फिरवायची.’ पार्ट मोडला तर? ‘मागवून देऊ की. बाहेरून यायचा म्हणून टाइम लागतो जरा.’ आणि पाण्यातून? ‘जाती की! गुडघाभर पाण्याला काहीच प्रॉब्लेम न्हाई.’ आत गियरचं काम एक रबरी पट्टा करतो आणि तो भिजला की घसरतो, हे त्यानं सांगितलं नाही. ते मी आधीच वाचून गेले होते. इतकी वर्षं पोरांना घर्षण शिकवते आहे, एवढं तर कळतं. पण त्याच्या त्या ‘गुडघाभर’वर माझं डोकं जे फिरलं, ते अजून ठिकाणावर नाही.

कारण तुझ्या त्या दिवशी ओढ्याला छातीभर पाणी होतं. किनवटच्या रानातलं तुझं उपकेंद्र या काठाला, तीन तांडे त्या काठाला, आणि मध्ये तो ओढा, ज्याच्यावर पूल होणार असं मी परकरात असल्यापासून ऐकत होते. लसीचा डबा खांद्याला अडकवून, निळ्या काठाची पांढरी साडी गुडघ्यापर्यंत खोचून तू तो ओढा किती वेळा ओलांडलास ते तुलाही माहीत नसेल. त्या दिवशी तांड्यातून परतताना पायवाटेवर साप चावला. तांड्यातल्या लोकांनी तुला बाजेवर घातलं आणि पळत आणलं. ओढ्याच्या त्या काठाला तू, या काठाला जीप, आणि विषावरचं औषध तालुक्याच्या दवाखान्यात तयार. पाणी ओसरायची वाट बघत सगळे उभे राहिले. एक बाई मला नंतर म्हणाली, ‘तुमची माय शुद्धीवर होती वो. आमालाच म्हणून राहिली होती, भिऊ नका, भिऊ नका.’ मी त्या वेळी लातूरला फळ्यासमोर उभी होते. निरोप आला तेव्हा हातात खडू होता.

मला तुझाही राग येतो, माय. तो आज पहिल्यांदा कागदावर लिहिते आहे. बारावीला तू मला लातूरला ठेवलंस, कारण तुझ्या लेकीनं डॉक्टर व्हायचं होतं. एका खोलीत आम्ही चौघी, भिंतीवर सूत्रं, पहाटेपासून क्लास. तू सायकल घेऊन दिलीस, निळी, लेडीज, पुढे जाळीची टोपली. क्लास चार गल्ल्या सोडून होता आणि रस्ता डांबरी होता. ज्या बाईच्या चपलेचा अंगठा सुतळीनं बांधलेला, तिनं डांबरी रस्त्यासाठी लेकीला सायकल दिली. मला तेव्हा आनंद झाला होता. आता आठवलं की दात खावेसे वाटतात.

मग भूकंप झाला. सकाळी अख्खी गल्ली रस्त्यावर बसलेली आहे, कुणी आत जायला तयार नाही, घरमालकीण चूल रस्त्याच्या कडेला मांडून सगळ्यांना चहा देते आहे. मी कप हातात धरून दाराकडं बघत राहते. तुला भूकंपाच्या गावांत ड्यूटी लागल्याचं चार दिवसांनी कळलं. माझ्यापासून तासाभराच्या अंतरावर होतीस तू. आलीस ती आठवड्यानंतर, मदतीच्या ट्रकमध्ये पुढं बसून. अंगाला ब्लीचिंग पावडरचा वास. मी तुला मिठी मारली आणि म्हणाले, मला घरी ने. तू माझे हात सोडवलेस. ‘तिथं लेकरं मातीखालून काढून राहिलेत, अन् तू नुसती भ्यालीस म्हणून रडून राहिलीस?’ एवढं बोललीस, सायकलच्या टोपलीत भुईमुगाच्या शेंगांची पुडी ठेवलीस आणि ट्रकमध्ये चढलीस. अर्धा तासही थांबली नाहीस. मी त्या शेंगा खाल्ल्या नाहीत. डॉक्टरही झाले नाही. मार्क कमी पडले, आणि पुढं ज्या क्लासमध्ये शिकले तिथेच शिकवायला लागले. लातूरला पोरांचे लोंढे येत गेले, क्लासच्या इमारती उंच होत गेल्या, माझाही एक क्लास झाला. तू कधी काही बोलली नाहीस. बोलली असतीस तर भांडता तरी आलं असतं.

ती गाडी मला तुझ्या उपकेंद्राला द्यायची होती. त्या ‘गुडघाभर’नंतरही मी गाडीचं माहितीपत्रक घेऊन किनवटला गेले, कारण उन्हाळ्या-हिवाळ्यात तरी ती कामाला येईल असा हिशेब मी मनात मांडत होते. आता तिथं तिशीतली एक नर्स आहे, भोकरकडची. तिनं चित्र नीट बघितलं, उलटून पाठही वाचली, आणि मला आधी पाणी दिलं.

‘मॅडम, छान आहे. पण पासिंग न्हाई म्हणता. फॉरेस्टच्या रस्त्यानं चालवू देतील का? अन् उद्या एखादी बाळंतीण मागं बसवली अन् गाडी उलटली, तर नोकरी माझी जाईल. तुमची न्हाई.’

मी म्हणाले, ‘मग काय, तुम्ही अशाच चालणार?’

‘आताबी चालूनच राहिले की.’ ती माझ्याकडं न बघता रजिस्टर सरळ करत होती. ‘तुमी गाडी दिली तर सायेब म्हणतील, आता गाडी आहे, पूल कशाला? पूल मागा मॅडम. गाडी दिऊन आमचा पूल नका घालवू.’

मला तिचाही राग आला. दोन दिवस मी चाकं, पट्टा, हौदा यांचा विचार करत होते आणि या पोरीला एका वाक्यात सगळं कळलेलं होतं. पण तिचं खरं होतं. मी तशीच तालुक्याच्या ऑफिसात गेले. तिथला साहेब खुर्चीतून उठला, चहा मागवला. गाडीचं ऐकून खूश झाला. ‘अवश्य द्या मॅडम, छोटासा कार्यक्रम घेऊ, पेपरात फोटो देऊ.’ पासिंगचं विचारलं तर ‘बघू नंतर’. पुलाचं विचारलं तर ‘प्रस्ताव वर गेलेला आहे’. तू गेलीस त्या वर्षीही तो वर गेलेलाच होता, माय. मग खुर्ची मागं रेलून तो म्हणाला, ‘तुमच्या मातोश्रींसारखी माणसं आता कुठं राहिली? पायी चालल्या जन्मभर, कधी तक्रार नाही. आताच्या पोरींना गाडी पाहिजे, पूल पाहिजे.’

मी कप टेबलावर आपटला. चहा त्याच्या फायलींवर सांडला आणि मी पुसला नाही. ‘ती हौसेनं नाही चालली,’ मी म्हणाले. ‘तुम्ही चालवलंत तिला. आणि मेली तेव्हा औषध या गावात होतं.’ बाहेरचे कारकून दाराशी येऊन उभे राहिले. साहेब ‘मॅडम, मॅडम’ करत राहिला. माझा आवाज इतका मोठा आहे हे मला माहीत नव्हतं. क्लासमध्येसुद्धा मी माइक लावते.

गाडी घेतली नाही. विकणाऱ्याला फोन करून सांगितलं, तर म्हणाला, ‘मॅडम, किमतीचं बोलू की आपण.’ मी फोन ठेवला. पुलाचा अर्ज लिहिला आणि पुन्हा उपकेंद्रात गेले. नर्स म्हणाली, ‘मी सरकारी नोकर, माझी सही न्हाई चालायची. पण अंगठे मी मिळवून देते.’ लसीकरणाच्या दिवशी तिच्याबरोबर मीही तांड्यात गेले. ओढ्यात पाणी घोट्याएवढंच होतं, तरी माझा पाय दोनदा घसरला आणि तिनं मला दंडाला धरून पलीकडं नेलं. बायांनी लेकरं मांडीवर घेऊन अंगठे उमटवले. एक म्हातारी म्हणाली, ‘तुझ्या मायला आमीच खांदा दिलता.’ अर्ज दिला आहे, पोच घेतली आहे. पूल होईल असं मला वाटत नाही. दर महिन्याला जाऊन विचारणार आहे, आणि साहेबाला मी आलेली आवडणार नाही, एवढंच समाधान.

हे मी कोऱ्या पाठीच्या प्रश्नपत्रिकांवर लिहिते आहे. पाठवायचं कुठं, म्हणून इथंच खणात राहील. फक्त एक राहिलं, ते त्या साहेबाला सांगितलं नाही, नर्सलाही नाही. दर वर्षी नवी बॅच आली की पहिल्या तासाला मी पोरांना तुझी गोष्ट सांगते. माझी माय रोज ओढा ओलांडून चालायची, कधी कुरकुरली नाही, आणि तुम्हाला दोन जिने चढायचा कंटाळा येतो? पोरं टाळ्या वाजवतात. साप मी सांगत नाही. या वर्षीही सांगितली, माय. साहेबाला बोलून आल्यानंतर, चौथ्या दिवशी.