काहिलीला शीड

॥ श्रीगुरुबसवलिंगाय नमः ॥

आश्विन वद्य तृतीया

तीर्थरूप रुद्रम्माअक्कांस धाकट्या गुरुबाईचे शरणु शरणार्थी. निरगुडीच्या शेकाने तुमच्या गुडघ्याला उतार पडला का, दाजींचा खोकला बसला का आणि तांबडी गाय व्याली का, ते सविस्तर कळवावे. इकडे सर्व क्षेम आहे. श्रावणात मठाच्या प्रसादाची गव्हाची हुग्गी शिजवायला तुमच्याकडून आणलेली गुळाची काहील सुखरूप आहे. गुऱ्हाळ लागायच्या आत ती तुमच्याकडे चिंताकीला पोहोचती करायची, हे पक्के ध्यानात आहे. हल्ली लिंगपूजेला बसले तरी आधी काहीलच डोळ्यांपुढे येते (बसवण्णा क्षमा करो).

तर झाले असे, की नदीवर पुलाची मोजणी करायला एक ओव्हरसियर आले आहेत. मूळचे कोकणातले. मांजरा दुथडी भरलेली पाहून त्यांना समुद्राची आठवण झाली, आणि समुद्र आमच्यापैकी कोणी पाहिलेला नसल्याने आम्ही सगळ्यांनी मान डोलावली. त्यांनी दवंडी पिटवली की दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी शिडाच्या होड्यांची शर्यत होईल. पलीकडच्या लिंबाला जो आधी हात लावील त्याला गॅसबत्ती. आता आमच्याकडे होडी कुठली! नदी भरली की माणूस काहिलीत बसतो आणि पलीकडे उतरतो, एवढेच आमचे दर्यावर्दीपण. निंगप्पा नावाडी बारा वर्षे असाच लोकांना उतरवतो. तो म्हणाला, "सायेब, शीड कामून लागतंय? हात हायेत की!" पण साहेब ऐकेनात. शेवटी पाच काहिलींत पाच बांबू उभे राहिले.

पाचवी काहील कोणाची, हे तुम्ही ओळखले असेल. अक्का, मी नको म्हणाले होते. आमच्या इकडच्या स्वारीला पोहता येत नाही. विहिरीत डोकवायचे तरी आधी रहाटाला धरतात. पण ते म्हणाले, "बत्ती मठाला देऊ. भजनाला उजेड पडंल." मठाचे नाव काढल्यावर मी काय बोलणार? (माझे दुखणे त्यांना बरोबर ठाऊक आहे.) मॅट्रिकला मी भूगोलात व्यापारी वारे पाठ केले होते, म्हणून वाऱ्याची बाजू मी सांभाळावी असे ठरले. ते वारे मांजरेवर येत नाहीत, हे मी त्यांना सांगितले नाही. इतरांनी शिडाला कोरी मांजरपाटे फाडली. मी दोन जुन्या धोतरांचे धड भाग जोडून परकराएवढे शीड शिवून दिले. वल्हे म्हणून हुग्गी ढवळायचा लांब डाव दिला. आणि चार गावांचे लोक बघणार म्हणून काहील विटेने आणि राखेने अशी घासली, की तळात माझे कुंकू दिसावे.

शर्यत सुटली. वारा भरताच मोठ्या शिडांच्या चारी काहिली जागच्या जागी गिरक्या घेऊ लागल्या. गोल भांड्याला पुढची बाजू कोणती, हे वाऱ्याला तरी कसे कळावे! निंगप्पा एकदा आमच्याकडे तोंड करून दिसे, एकदा पाठ करून. आमचे मात्र शीड एवढेसे, त्यामुळे हे सावकाश, लग्नाच्या वरातीसारखे, पुढे निघाले. काटकसरीचे फळ लोकांना दिसत होते. शेजारच्या नागव्वाने मला कोपरखळीसुद्धा मारली, "बत्ती तुमचीच की वो!"

इतक्यात हे बसल्या जागी एक पाय उचलू लागले, मग दुसरा, मग दोन्ही. तेव्हा मला तुमचे शब्द आठवले. काहील देताना तुम्ही म्हणाला होता, "गुरू, तळातला करपलेला थर खरवडू नको. त्याच्यावरच काहील तगलीय." अक्का, तो थर मी खरवडून गाईला चारला होता.

मी जीव खाऊन ओरडले, "अहोऽ!" त्याबरोबर चारी काहिलींतल्या चारी नवऱ्यांनी दचकून मागे पाहिले. दोघांच्या हातून दोर सुटले, दोन काहिली एकमेकींवर आदळल्या. हे तेवढे वळले नाहीत. एकोणीस वर्षांत "अहो"ला वळले नाहीत, ते तेव्हा कुठून वळणार? पुन्हा ओरडले, काही नाही. आता उखाणा घ्यावा तर जुळवायला वेळ हवा, आणि पाणी त्यांच्या पोटरीपर्यंत आलेले. मग अक्का, मी साऱ्या गावादेखत, पदर सुटेस्तोवर, त्यांना नावाने हाक मारली. पुरी, शेवटच्या "प्पा"पर्यंत. (कागदावर तरी लिहीत नाही.)

काठावरच्या बायकांनी तोंडाला पदर लावले. हे मागे वळले, आणि बायकोने नाव घेतले हे कळताच दचकून उभे राहिले. काहिलीत उभे राहायचे नसते. निंगप्पाची काहील गिरकी घेत तिथेच पोहोचली होती, म्हणून त्याने त्यांना काष्ट्याला धरून वर घेतले. माझे कुंकू शाबूत राहिले. त्याच गिरकीत निंगप्पा लिंबाला टेकला, म्हणून बत्ती त्याला मिळाली. त्याने ती आपण होऊन मठाला दिली. तेव्हा देवाच्या मनात होते ते झालेच. आम्ही मधे विनाकारण भिजलो.

वडीलधाऱ्यांस शरणार्थी, लेकरांना आशीर्वाद.

तुमची धाकटी,
गुरुबाई

ता. क. काहील सुखरूप आहे असे वर लिहिले, ते खोटे नाही. ती लिंबासमोरच्या डोहात सुखरूप आहे. निंगप्पाने बुडी मारून पाहिली. चिखलात पालथी बसली आहे म्हणतो. दोन बैलजोड्या आणि साखळदंड लागतील. दाजींचे बैल पाठवावेत. काम पुलाचे आहे असे सांगावे. दाजी स्वतः येणार असतील तर तुम्हीही या. त्यांना वळवायची वेळ आली तर काय करावे लागते, ते आता मला ठाऊक आहे.

ता. क. दुसरा. स्वारीला कानाने कमी ऐकू येऊ लागले आहे. जेवायला चार-चारदा "अहो" म्हटले तरी ढिम्म बसून असतात, आणि मिशीत हसतात. कशाची वाट पाहतात ते मला समजते. मी काही बधणारी नाही. कालचे एक सोडून.