माझ्यापासून लपवलेला माझा रिपोर्ट

ती. ताईस,

वाकून नमस्कार करायचा होता, पण गाठीतून तपासणीसाठी तुकडा काढला ती उजवी बाजू अजून ठणकते, तेव्हा हा उभ्यानेच केलेला घे. तुझे गुडघे, भावजींचा खोकला आणि त्या खोकल्यावरची त्यांची भाषणं सुखरूप असतील. फोन केला नाही, कारण तुमच्याकडे तो स्पीकरवर लागतो आणि तुझ्या वाटची उत्तरं भावजीच देतात.

तर मला स्तनाचा कर्करोग झाला आहे. हे वाक्य मी या घरात एकदाच, स्वच्छ आवाजात उच्चारलं आणि तेव्हापासून मंडळी ते माझ्यापासून लपवण्यात गुंतली आहेत. गाठ आंघोळ करताना माझ्या हाताला लागली, तपासणीला मी एकटी गेले, रिपोर्ट मी आणला आणि यांच्या हातात मीच दिला. यांनी तो दोनदा वाचला, चष्मा पुसला आणि "काही विशेष नाही, साधी गाठ आहे" असं मलाच सांगितलं. (पस्तीस वर्षं गणित शिकवलेला माणूस. पुस्तकाच्या शेवटी उत्तर छापलेलं असताना वर्गातल्या पोरांनाही त्यांनी असं फसवलं नसेल.) दुसऱ्या दिवशी रिपोर्ट गायब. दोन तासांनी गाद्यांच्या घडीत सापडला. मी तो वाचून पुन्हा तिथेच ठेवला, नाहीतर ते नवी जागा शोधणार आणि मला परत दोन तास. सासूबाईंचं तर विचारूच नकोस. टीव्हीवर नुसता स्टेथोस्कोप दिसला तरी त्या रिमोटवर झडप घालतात, त्यामुळे आठ दिवस आम्ही दोघी ट्रॅक्टरची दुरुस्ती बघतोय. क्लच प्लेट कशी बदलायची हे मी आता झोपेतही सांगेन.

मंगळवारी सर्जनबाईंकडे गेलो. हे आधी एकटेच आत जाऊन आले, म्हणजे हिला काही कळू देऊ नका हे सांगायला. मग बाईंनी मला समोर बसवून विचारलं, "तुम्हाला काय झालंय, माहीत आहे ना?" म्हटलं, "मला माहीत आहे, यांना अजून पचलेलं नाही. तेव्हा जरा जपून बोला." बाई हसल्या नाहीत, पण खुर्ची यांच्याकडून माझ्याकडे वळवली आणि कागदावर चित्र काढून सगळं समजावलं. गाठ दोन सेंटिमीटरची आहे, काखेत पोचल्यासारखी दिसत नाही. एक तर गाठ आणि भोवतीचा थोडा भाग काढून मग काही आठवडे रेडिएशन, नाहीतर सगळा स्तन काढायचा. इतक्या लवकर सापडलेल्या गाठीत जगण्याच्या दृष्टीने दोन्ही जवळपास सारखंच. ही गाठ हार्मोन्सवर पोसणारी, म्हणून पुढे किमान पाच वर्षं रोज एक गोळी. किमो लागेल की नाही ते काढलेला भाग तपासल्यावर. मला ऐकू जाऊ नये म्हणून हे दर वाक्याला मोठ्याने खोकत होते. शेवटी बाईंनी त्यांच्याच छातीला नळी लावून पाहिली.

इथवर ठीक होतं. घोडं अडलं ते फॉर्मवर. रक्ताच्या नात्यात कुणाला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कर्करोग झाला आहे का? माझ्याशी ज्यांचं रक्ताचं नातं नाही अशा एकमेव हजर नातेवाईकाने ताडकन सांगितलं, "छे छे, हिच्या माहेरी तसलं काही नाही." बाईंनी पेन थांबवलं. म्हणाल्या, घाई नको, नीट विचारून सांगा. आई, मावशी, बहीण, कुणाला असेल तर आधी रक्ताची जनुकीय चाचणी करावी लागेल. तीत दोष निघाला तर गाठ काढून भागेल की सगळंच काढावं, दुसऱ्या बाजूचं काय, हे नव्याने ठरवायचं. ऑपरेशन कुठलं ते सोमवारी ठरणार, म्हणून उत्तर सोमवारपर्यंत हवं. तो रकाना कोरा ठेवून मी घरी आले. पाणीपुरवठ्याच्या तक्रार खिडकीवर सत्तावीस वर्षं बसलेली मी, कोरा रकाना असलेला अर्ज कधी कुणाचा घेतला नाही. त्यामुळे चार दिवस तो रकाना डोक्यात कुरतडतोय.

बाकी सर्व क्षेम. भावजींना नमस्कार सांग. पत्र शेजारच्या मुलाबरोबर आजच तुझ्या हातात पोचवतेय, ते मात्र त्यांना देऊ नकोस.

तुझी,
धाकटी

ता. क. : सहा वर्षांपूर्वी तू पित्ताशयाच्या खड्यांसाठी दोन महिने परगावी होतीस. पित्ताशय उजवीकडे असतं, ताई. परत आल्यापासून तुझा डावा हात वरच्या फळीपर्यंत जात नाही, आणि रक्तदाब मोजायला कुणीही आलं तरी तू उजवाच पुढे करतेस. मी तेव्हा विचारलं नाही, कारण तुला सांगायचं नव्हतं. सांगितलं असतंस तर फळीवरचे डबे मी काढून दिले असते, एवढंच.

पुन्हा ता. क. : लिहिणं जड जात असेल तर लिहू नकोस. रविवार संध्याकाळपर्यंत तुझ्याकडून काहीच आलं नाही, तर मी त्या रकान्यात "सख्खी बहीण" असं लिहीन. गप्प बसणं तुला चांगलं जमतं. या वेळी माझ्यासाठी बस.