‘स’ गिळणारं अ‍ॅप

४ मार्च, मंगळवार

हिरवं अ‍ॅप फोनमधून काढून टाकलं. गेलं खड्ड्यात! चार ट्रॅक फुकट देतं आणि पाचवा मागितला की तोंड फिरवतं. आम्हाला एका गाण्याला निदान आठ लागतात. धाकट्या बहिणीचा आवाज, तिचाच दुसरा आवाज, माझा कीबोर्ड, टाळ्या, खुळखुळा, घंटी, शिवाय नाटकवाल्या बाई ऐनवेळी सुचवतील ते.

बाईंना सगळं सुटं हवंय. ‘नटी मध्येच अडखळली तर मला बाकीचं बंद करून नुसता खुळखुळा चालू ठेवता आला पाहिजे,’ म्हणाल्या. बरोबर आहे त्यांचं. म्हणजे एकावर एक ट्रॅक चढवणारं अ‍ॅपच हवं, साधं रेकॉर्डिंग उपयोगाचं नाही. आणि स्टुडिओचं नाव काढण्यात अर्थ नाही, तेव्हा फोन.

महिनाअखेर चार गाणी द्यायचीत. आमचं पहिलं खरंखुरं काम! आतापर्यंत ओळखीपाळखीच्या घरी वाजवलं-गायलं, लोकांनी जेवता जेवता ऐकलं. हे जमलं तर बाईंची पुढची नाटकंही आमची. नाही जमलं तर मी आहेच चष्म्याच्या दुकानात लोकांना खालची ओळ वाचायला लावायला, आणि धाकटी तलावावर पोरांना पोहायला शिकवायला.

उद्या निळं बघते.

६ मार्च

निळं दिसायला देखणं. पण टाळी वाजवली की कानात अर्ध्या मात्रेने मागाहून येते! शिव्या घातल्या. धाकटी फोनवर हसली — ‘ताई, अ‍ॅपला का झोडतेस? बिनवायरचे इअरफोन लावलेत ना तू? वायरवाले लाव.’

वायरवाले नवऱ्याच्या खणात सापडले. टाळी जागेवर आली. धाकटी बरोबर असली की मला उगाचच राग येतो, हे काय आहे कोण जाणे.

९ मार्च, रविवार

दुकान बंद, मालकांनी किल्ली दिलीय. डोळे तपासायच्या खोलीत रेकॉर्डिंग केलं. छोटीशी खोली, जाड पडदे, खाली गालिचा, आवाज घुमत नाही. धाकटी तपासणीच्या खुर्चीत बसून गायली, समोर अक्षरांचा फळा. मध्येच म्हणाली, ‘खालची ओळ वाचू का?’ हसून हसून एक टेक वाया गेला.

पहिलं गाणं झालं. ‘सावली सरकते, सावकाश सरकते.’ शब्द बाईंचे, चाल माझी. हरवलेल्या सावलीचं नाटक आहे. धाकटीचा आवाज कसा आहे हे लिहायला मला शब्द नाहीत. लहानपणापासून ऐकतेय, तरी अजून अंगावर काटा येतो.

घरी येऊन ऐकलं आणि हे काय? ‘स’ कुठाय? ‘आवली अरकते’ असं वाटतं! खुळखुळा तर जवळजवळ नाहीच. निळं अ‍ॅप बारीक आवाज गिळतंय. फाइल लहान करायला कापत असणार.

१० मार्च

निळं काढलं. केशरी घेतलं. यात म्हणे काहीही कापलं जात नाही.

१२ मार्च

केशरीही गिळतं!! तेच गाणं परत केलं. खुळखुळ्याच्या आवाजाची सरकपट्टी पार वर नेली तेव्हा कुठे जरा लागला. धाकटीला पाठवलं. तिचं उत्तर — ‘ताई, खुळखुळा कानात टोचतोय गं. सुया घुसल्यासारख्या.’

टोचतोय? मला जेमतेम लागतोय! तिचा फोन भंगार आहे, दुसरं काय.

१६ मार्च, रविवार

आज भांडण झालं. खरं तर भांडण नाहीच, मीच बोलले. तीन तास तीच ओळ. केशरीत गिळतं, निळ्यात गिळतं, हिरव्यात गिळत होतं का ते आठवेना. शेवटी मी म्हटलं, सगळ्याच अ‍ॅपांत कसा बिघाड असेल? गडबड गाण्यातच आहे.

म्हटलं, ‘तुझा स पडतोय. दिवसभर तलावावर पोरांवर ओरडतेस, घसा बसलाय, जीभ आळसावलीय.’

तिने वाद घातला नाही. ‘बरं,’ म्हणाली. परत गायली. परत मला स ऐकू आला नाही. ‘अजून नीट,’ म्हटलं. परत गायली. किती वेळा झालं देव जाणे. शेवटी ती स इतका दाबून म्हणायला लागली की तिची मान ताठ झाली होती, ते दिसत होतं. मग थोडा आला. मी म्हटलं, ‘हां, असा!’

जाताना विचारलं तिने, ‘ताई, आधीही असंच होत होतं का? मी इतकी वर्षं असंच गातेय का?’ मी फोनमध्ये डोकं घालून बसले होते. ‘बघू,’ म्हटलं.

१८ मार्च

तलावावर गेले होते तिचा डबा द्यायला. गळ्यात शिट्टी. आता पोरांना ओरडत नाही, शिट्टी वाजवते. थंड पाणी बंद केलंय. मिठाच्या गुळण्या चालू आहेत. बरं वाटलं मला — चला, मनावर घेतलंय.

२० मार्च

नवऱ्याला ताप. काखेत थर्मामीटर लावला आणि मी शेजारी बसून राहिले, वाजायची वाट बघत. फोनवर पांढऱ्या अ‍ॅपची माहिती वाचत होते. बराच वेळ गेला.

नवरा म्हणाला, ‘अगं, काढ ना. केव्हाच वाजलं.’

‘वाजलं कुठे?’

‘चार वेळा वाजलं.’

मी काढून परत लावला. आता कान देऊन बसले. त्याने डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. ‘आत्ता वाजतंय,’ म्हणाला. ‘आत्ता. या क्षणी.’

मला काहीही ऐकू येत नव्हतं.

२१ मार्च

कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. नवऱ्याला सांगून, धाकटीला न सांगता.

काचेच्या खोलीत बसवलं, डोक्यावर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबा. पहिले ऐकू आले. मग येईनासे झाले. मी काय केलं — ताल धरला! आतापर्यंत साधारण किती अंतराने येत होते त्या अंदाजाने दाबत राहिले. बटणाचा ठेका अगदी सुरेख बसला होता. डॉक्टरांनी दार उघडलं. ‘बाई, गेलं मिनिटभर मी काही वाजवलंच नाहीये.’

मेले लाजेने. दुकानात लोक फळ्यावरची अक्षरं पाठ करून येतात तेव्हा मी किती हसते त्यांना!

दोन्ही कानांत वरचे आवाज गेलेत. बारीक, तीक्ष्ण ते सगळे. घंटी, खुळखुळा, थर्मामीटर. ‘स, श, फ हे नीट लागत नसतील तुम्हाला,’ डॉक्टर म्हणाले. ‘समोरचा पुटपुटतोय असं वाटत असेल.’ परत येणार नाहीत. मशीन लावा म्हणाले, पण गाणं पूर्वीसारखं लागेल असं सांगता येत नाही.

रिक्षात रडले. ड्रायव्हर आरशातून बघत होता, बघू दे.

२२ मार्च

म्हणजे अ‍ॅप गिळत नव्हतं. कुठलंच. मीच त्यांच्यावर आळ घेत होते. आणि धाकटीचा स होता. पहिल्या रविवारपासून होता.

सांगायला हवं. सांगितलं तर? ‘ताईचा कान म्हणजे कान,’ असं ती सगळ्यांना सांगत फिरते. ऐकू न येणाऱ्या बाईकडून गाणी कोण जुळवून घेईल? बाई त्यांच्या ओळखीच्या साउंडवाल्याला बोलावतील, धाकटी त्याच्याकडे गाईल, आणि मी टाळ्या वाजवायला. नाही. आधी चार गाणी जाऊ देत. मग सांगेन.

२३ मार्च, रविवार

काळं अ‍ॅप मिळालं!

यात आवाज दिसतो. खाली जाड आवाज डावीकडे, बारीक उजवीकडे, आणि गाणं चालू असताना सगळ्याची डोंगररांग हलत राहते. धाकटीने ‘सावली’ म्हटलं की उजव्या टोकाला काटा उभा राहतो. तो स! मला ऐकू येत नाही, पण तो तिथे आहे, मी बघितला. स्क्रीनवर बोट ठेवून बसले.

नऊ तारखेचा टेक काळ्यात टाकून बघितला. स नीट, मवाळ, जागच्या जागी. सोळा तारखेचे टेक टाकले. काटे वरच्या कडेला टेकलेले. मी दाबायला लावले म्हणून.

मग पहिला टेकच वापरायचा की. पण तो निळ्यातला, सगळं एकत्र झालेलं, अ‍ॅप काढतानाच सुटे ट्रॅक गेले; आणि बारा तारखेचे मी सोळाला खोडून त्यांच्या जागी नवे घेतले. बाईंना सुटं हवं. म्हणजे दाबून गायलेलेच घ्यायचे आणि काटे कापायचे. कापले. डोळ्यांनी. डोळ्यांचं काम तर मला येतंच.

२५ मार्च

उरलेली तिन्ही गाणी काळ्यात झाली. धाकटी आली, गायली, दर ओळीनंतर माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी स्क्रीनकडे. ‘आता बरोबर आहे?’ विचारते. ‘हो, हो, जमलं,’ म्हणते मी. तिचा विश्वास बसत नाही. स आला की डोळे मिटते, उडी मारण्यापूर्वी मिटतात तसे.

एकदा जिभेवर आलं होतं. तेवढ्यात ती म्हणाली, ‘ताई, तू आहेस म्हणून. मला माझं काहीच कळेनासं झालंय.’ मग नाही सांगितलं.

२७ मार्च

चारही गाणी बाईंना पाठवली. दर पाच मिनिटांनी फोन बघतेय.

२८ मार्च

बाईंचा निरोप. ऐकू येत असलेल्या कानांचा! चाली आवडल्या. कीबोर्ड आवडला. ‘पण मुलीचा आवाज बंद दाराआडून आल्यासारखा का आहे? तोंडावर रुमाल धरून गायलीय का? आवाज असाच असेल तर विचार करावा लागेल.’

मी कापलेले काटे! जरुरीपेक्षा जास्त कापले. डोळ्यांना सपाट छान दिसत होतं.

निरोप आमच्या तिघींच्या गटावर आलाय. धाकटीने वाचलाय, निळ्या खुणा दिसतात. मी लिहायला घेतलं, ‘दोष माझा’, मग खोडलं. समोरासमोर सांगते. रविवारी दुकानात भेटणारच आहोत.

२९ मार्च

सकाळी फ्रेम पुसत होते, बाईंचा फोन. ‘तुमच्या बहिणीने काल कळवलं, ती गाणार नाही म्हणून. दुसरी गाणारी बघा म्हणाली. म्हणे आवाज गेलाय, ताईला सांगायला जीभ रेटत नाही. तुम्ही दोघींनी ठरवून मला सांगा बाई, माझा खेळ जवळ आलाय.’

मला सांगायला जीभ रेटत नाही! मला!

मालकांना म्हटलं, चालले. ते म्हणाले, ‘आत गिऱ्हाईक बसलंय खुर्चीत.’ बसू दे. तलावावर गेले. ती पाण्यात होती, पोरांना कड धरायला लावून पाय मारून घेत होती. तोंडात शिट्टी. मी काठावर बसले, चपला काढून. तिने बघितलं आणि पाण्यातच थांबली.

सगळं सांगितलं. थर्मामीटर, काचेची खोली, बटण, रुमालाआडून आल्यासारखा आवाज कोणी केला ते. पोरं आमच्याकडे बघत होती. ती ऐकत होती, हात माझ्या पायांशेजारी फरशीवर.

३० मार्च, रविवार

दुकानात आली नाही. मीच तिच्याकडे गेले. दारात उभी राहून विचारलं तिने, ‘म्हणजे माझा आवाज चांगला आहे?’

म्हटलं, ‘चांगला? अगं, फार सुंदर आहे.’

‘तुला काय माहीत, ताई?’

चिडून नाही म्हणाली. खरंच विचारत होती.