वडिलांचा व्यवसाय

रविवार, ९ जून
सकाळी

प्रिय बाबा,

नमस्कार. घरी सगळे मजेत आहेत, हे तुम्हाला माहीत आहे, कारण तुम्ही आत्ता पलीकडच्या खोलीत दाढी करताय. तरीही पत्र लिहितेय. समोर बोलायला आले की तुम्ही 'बरं बरं' म्हणत चाव्या घासायला घेता आणि त्या मशीनपुढे माझा आवाज टिकत नाही. हे पत्र कोऱ्या चाव्यांच्या खणात ठेवते. दुकान उघडलं की तुमचा पहिला हात तिथेच जातो.

कॉलेजला उद्या कळवायचं आहे, येणार की नाही. तुम्ही घड्याळवाल्या काकांना 'येणार' सांगून मोकळेही झालात. मी मात्र तीन दिवस कॉलेज बघून बुधवारी परत आल्यापासून 'छान होतं' यापलीकडे काही बोललेले नाही. आई म्हणते, पोरगी हवेत आहे. हवेत कसली, मला लाज वाटत होती.

आधी चांगलं सांगते. कॉलेज शेतांच्या मधोमध आहे, जवळचं गाव तासाभरावर. सगळे मिळून नव्वद विद्यार्थी. वर्गात गोल टेबलाभोवती आठ जण बसतात आणि एका पानावर दोन तास वाद घालतात. मी म्हणाले, मला हे पटत नाही. प्राध्यापक म्हणाले, "मग खोडून काढा." मी काढायला गेले, त्यांनी मला आडवं केलं, मी पुन्हा उठले. इतकी मजा मला आयुष्यात आली नव्हती. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, घरी हेच फुकट करते.

खोल्यांना कुलपं नाहीत. पहिल्याच दिवशी प्राचार्यबाईंनी हे मोठ्या अभिमानानं सांगितलं. तुमचीच आठवण आली. सगळीकडे असं झालं तर आपण खायचं काय?

जेवायला प्राध्यापक आणि विद्यार्थी एकाच टेबलावर. तिथे सगळे एकमेकांच्या आईवडिलांची चौकशी करतात, अगदी प्रेमानं. कोणाचे न्यायाधीश, कोणाचे सर्जन. माझी पाळी आली. निघताना तुम्ही सांगितलं होतंत, "कोणी विचारलंच तर बिझनेस आहे म्हण. दुकान-बिकान नको काढूस." मी त्यावर आणखी एक मजला चढवला. म्हटलं, सिक्युरिटी सिस्टिमची कंपनी आहे. सर्जनची मुलगी म्हणाली, वा. बाबा, मी ताट तसंच ठेवून उठले.

दुसऱ्या दिवशी दुपारी स्वयंपाकघरातल्या मावशी कोठीत अडकल्या. त्या अख्ख्या कॉलेजात कुलूप आहे ते फक्त कोठीला, म्हणजे स्वयंपाकघरातल्या माणसांसाठी. खटक्याचं जुनं कुलूप, आतली मूठ निखळलेली. दार मागे लागलं आणि मावशी आत. चावी व्यवस्थापकांकडे, ते गाडी घेऊन गावाला गेलेले. सगळे दारापाशी जमले. कोणी फोन लावत होतं, कोणी "मावशी, घाबरू नका" म्हणत होतं. मावशी आधी दार बडवत होत्या, मग थांबल्या.

मला अर्धं मिनिट लागलं असतं. मी वीस मिनिटं गप्प उभी राहिले. कंपनीवाल्याची मुलगी खटका कसा सरकवेल, या विचारात. हे मी आईलासुद्धा सांगितलेलं नाही.

मग आतून मावशींच्या खोकल्याचा आवाज आला आणि माझं मलाच असह्य झालं. कॉलेजनं दिलेल्या फाइलचं प्लास्टिकचं कव्हर फाडलं, फटीत घातलं, तुम्ही शिकवलंय तसं खाली तिरपं ओढलं आणि गुडघ्यानं दार आत ढकललं. मावशी घामाघूम होऊन बाहेर आल्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सर्जनच्या मुलीनं विचारलं, "कुठे शिकलीस?" म्हटलं, "बाबांकडे. जिन्याखाली त्यांचं चाव्यांचं दुकान आहे." ती म्हणाली, "पण कंपनी म्हणालीस ना?" म्हटलं, "खोटं बोलले."

तिसऱ्या दिवशी सकाळी कोणाचा तरी कॅमेरा सापडेना. नव्वद जणांतून एका बाईंनी मलाच बाजूला घेऊन गोड आवाजात विचारलं, काल संध्याकाळी तू कुठे होतीस? जिथे एका खोलीला कुलूप नाही, तिथे कुलूप उघडणारीवर संशय. डोकं चालवायला शिकवणारं कॉलेज आहे म्हणे. मी म्हटलं, "दार नुसतं ढकलून कॅमेरा नेता येत असताना माझी कला कशाला वाया घालवू?" दुपारी कॅमेरा वाचनालयात सापडला, मालकाच्याच स्वेटरखाली. सॉरी कोणी म्हटलं नाही. जेवताना सगळे माझ्याशी जरा जास्तच गोड बोलले.

तुम्हाला वाटेल, आता ही नाही म्हणणार. मी जाणार आहे. ते कॉलेज मला मानवतं का ते बघायला बोलावलं होतं, मी बघितलं. सगळं नाही मानवत. पण त्या गोल टेबलावरची एक खुर्ची माझी आहे आणि कोणाच्या गोड आवाजासाठी मी ती सोडणार नाही. मी त्यांना मानवते का, ते त्यांनी त्यांच्या सवडीनं ठरवावं.

फक्त तुमचं ते 'बिझनेस म्हण' यापुढे ऐकणार नाही. तुम्ही माझ्या काळजीनंच म्हणालात, कळतं मला. पण त्या वीस मिनिटांत मावशी आत होत्या, हेही कळतं.

सोबत फॉर्म आहे. 'वडिलांचा व्यवसाय' हा रकाना मी रिकामा ठेवलाय. तो तुमच्या अक्षरात भरा आणि खाली सही करा. 'बिझनेस' लिहिलंत तर फॉर्म फाडून दुसरा आणेन.

आणखी एक. कोठीचा खटका अजून तसाच आहे. मावशी दारात विटेचा तुकडा ठेवून आत जातात. मी त्यांना शब्द दिलाय की पहिल्या दिवशी माझे बाबा येतील आणि आतून उघडेल असं कुलूप बसवतील. तेव्हा घड्याळवाल्या काकांचा कोट मागायला जाऊ नका. कामाचा शर्ट घाला, हत्यारांची पेटी घ्या आणि माझ्याबरोबर समोरच्या फाटकातून आत चला.

तुमचीच, आणि आता तिथे सगळ्यांना ठाऊक असलेली,
चावीवाल्याची मुलगी