वळणावरची जागा

फुलेवाडी, कोल्हापूर
सोमवार, ७ एप्रिल २०२५

ती. अक्का,

नमस्कार. तू फोन उचलत नाहीस, आणि महिनाभर झाला, माझ्या नंबरवरून तुला फोन लागतच नाही. म्हणून कागद घेऊन बसलोय. पाकीट घरी न पाठवता शाळेच्या पत्त्यावर टाकतोय. स्टाफरूममध्ये चार बायकांसमोर तू ते फाडणार नाहीस, एवढं तुला ओळखतो.

अस्मिता बरी आहे. पोराची, अर्णवची, दहावी संपली. दाजींची तब्येत मात्र विचारत नाही. का ते पुढं येईलच.

धंद्याचं सांगतो. दिवाळीला मी दुकान सोडलं ते तुला माहीत आहे. चौदा वर्षं दुसऱ्याच्या दुकानात गाड्यांच्या पुढच्या काचा बसवल्या. जुनी व्हॅन घेतली, तिच्या पाठीमागं हत्यारं लावली आणि दारावर लिहून घेतलं, ‘काचेला खडा लागला? बदलू नका, भरून घ्या.’ वाटलं, फिरतं दुकान आहे, जाऊ तिथं धंदा. तसं नसतं अक्का. फिरत्या माणसालाही उभं राहायला जागा लागते.

पहिले तीन आठवडे कागलजवळ हायवेच्या कडेला उभा राहिलो. गाड्या रग्गड, पण ऐंशीच्या वेगानं जाणारा माणूस काचेतल्या वाटाण्याएवढ्या खड्ड्यासाठी थांबत नाही. शिवाय तिथं सावलीचा पत्ता नाही. हे काम उन्हात होतच नाही. तडा भरायला जो द्रव घालतो तो ऊन लागलं की आत उतरायच्या आधीच घट्ट होतो, आणि तापलेल्या काचेचा तडा हात लावताच लांबतो. तिथं एका माणसाची चांगली काच माझ्या हातात इकडून तिकडं तडकली. मग एका पंपाबाहेर गेलो. तिथल्या पंक्चरवाल्यानं दुसऱ्याच दिवशी शिव्या घातल्या.

त्यानंतर तुझ्याकडं आलो होतो. आठवतंय का? तुमच्या शाळेच्या कंपाउंडबाहेर लिंबाची सावली आहे, समोर स्टँड आहे. तू चहा दिलास आणि म्हणालीस, “दत्ता, शाळेसमोर बरं न्हाय दिसत रे. सगळी वळखतात मला.” मी चहा अर्धाच प्यायलो. हे मी सबब म्हणून लिहीत नाही. खरं तर सबब म्हणूनच लिहितोय.

नंतर मी येईल त्या गिऱ्हाइकाला एकच विचारायला लागलो, खडा कुठं लागला? कोण रंकाळ्याजवळ म्हणायचं, कोण तावडे हॉटेलजवळ. पण निम्म्याहून जास्त लोक एकाच ठिकाणाचं नाव घ्यायचे. गारगोटी रस्ता, खडी क्रशरच्या खालचं वळण.

ते वळण तुला मी वर्णून सांगायला नको.

तरी लिहितो. क्रशरच्या फाटकासमोर मोठी चिंच आहे. खाली सपाट जागा, दिवसभर गार सावली. वर शिगोशीग भरलेले डंपर ताडपत्री न घालता उतरतात, वळणावर कलतात आणि मागच्या गाडीवर खडी पडते. गाडीवाला शिव्या देत थांबतो, आणि समोर मी. कोल्हापूर जिल्ह्यात माझ्या धंद्याला याहून चांगली जागा नाही. डिसेंबरच्या शेवटी मी तिथं व्हॅन लावली. ऑगस्टमध्ये डंपरची खडी लागून दाजींचा डावा डोळा ज्या जागी गेला, तिथून मोजून तीस पावलांवर.

एवढंच तुला कळलं होतं, आणि एवढ्यावरच तू बोलणं टाकलंस. मला तेव्हा रागच आला. अस्मिताला म्हणालो, शाळेसमोर उभं केलं असतं तर तिथं गेलो असतो का?

पण अक्का, तुला एवढंच माहीत आहे.

जागा क्रशरवाल्या विजयसिंहांची. पहिल्याच दिवशी ते स्वतः खाली आले. मी म्हटलं आता हाकलतात. तर हसून म्हणाले, “हुबं र्‍हावा की पावणं. झाड काय आमी डोक्यावर घिऊन जानार हाय व्हय?” पंधरा दिवस चहासुद्धा तिकडूनच यायचा. मग जानेवारीत एक दिवस ऑफिसात बोलावलं. समोर टाइप केलेला कागद. “कुणा बाईनं आमच्यावर तक्रार केलीया. चौकशी लागलीया. तुमी काचंतलं जाणकार, रोज हितंच असता. तुमचा जबाब वजनाचा ठरंल.”

कागदात लिहिलं होतं की इथले डंपर झाकूनच जातात; काचांना आणि माणसांना लागणारे खडे रस्त्याच्या खड्ड्यांतून टायरखाली उडालेले असतात; असा माझा चौदा वर्षांचा अनुभव आहे.

मी म्हटलं, “साहेब, विचार करून सांगतो.”

ते म्हणाले, “करा की. व्हॅन तवर दुसरीकडं लावा.”

मी सही केली. ती बाई कोण हे मला माहीत होतं. त्यांना आपलं नातं माहीत नव्हतं, आणि मीही सांगितलं नाही. जाणकाराचं बाकी खरं होतं. काच बघून मला कळतं, खडा वरून पडलाय की खालून उडालाय. वरून आलेल्याची खूण वेगळी असते. त्या वळणावरच्या शंभरातल्या नव्वद काचांना वरूनच लागलेलं असतं.

फेब्रुवारीत तुला उत्तर आलं की ‘तांत्रिक माहितगार व्यक्तीच्या जबाबावरून’ तक्रारीत तथ्य आढळत नाही. तो माहितगार मी.

हे मी लिहिलंही नसतं. खोटं कशाला बोलू? पैशांची ओढाताण संपली होती, मुलाच्या क्लासची सोय झाली होती, मला झोपही लागत होती. पण पंधरा दिवसांपूर्वी एसटी थांबली आणि दाजी उतरले. तुला न सांगता आले होते. चिंचेखाली बसले, माझं काम बघत राहिले. मी चहा मागवला. पिऊन झाल्यावर त्यांनी ग्लास बॉनेटवर ठेवला, म्हणजे त्यांना वाटलं ठेवला. तो कडेपासून वीतभर अलीकडं हवेतच सुटला आणि खाली फुटला. दाजी ओशाळून हसले. “अजून अंतर कळत न्हाय बघ. वर्गात फळ्यावर लिवताना खडू हवेतच फिरतोय.”

मी काचा गोळा करायला खाली बसलो. ते वरून बोलत होते. “अक्काचं मनावर घिऊ नकोस. मी तिला म्हनलं, दत्तानं काय वाईट केलं? पोट हाय त्याला बी. जागा चांगली हाय, सोडू नको.” मग थोड्या वेळानं म्हणाले, “कुणी जाणकारानं लिवून दिलंय म्हनं, डंपरचं काय न्हाय म्हणून. असंल बाबा. त्याला बी कायतरी अडचण असंल.”

मला वर बघता आलं नाही. परतीची एसटी येईपर्यंत मी फुटलेला एकच ग्लास गोळा करत होतो. त्यांना कळलं का, हे मला आजही सांगता येत नाही.

दोन दिवसांनी, तुझ्या तक्रारीची चौकशी झाली त्या कचेरीत गेलो. म्हटलं, माझा जबाब खोटा आहे, मला परत घ्यायचाय. तिथला माणूस चांगला होता, त्यानं खुर्ची दिली. म्हणाला, “फाईल निकाली निघालीया. आता तुमी लिवून दिलं तर तुमच्यावरच खोट्या जबाबाचं यील. घरी जावा.” मी तिथंच बसून हातानं लिहिलं, काचांच्या खुणांसकट सगळं, आणि पोच घेतली.

दुसऱ्या दिवशी वळणावर गेलो तर चिंचेखाली तीन डंपर खडी ओतलेली. व्हॅन सोड, माणूस उभा राहील एवढीही जागा नाही. विजयसिंहांचा मुकादम फाटकातून ओरडला, “पावणं, सावली संपली!” आणि आतले सगळे हसले.

आता परत कागलला असतो, उन्हात. छत्री बांधून काम करतो. दिवसाला एखादी गाडी थांबते. अस्मिता म्हणते, डोळा तर परत येणार नव्हता, मग हे करून काय मिळवलंस? तुला उत्तर येत असेल तर तिला सांग.

पोचेची आणि माझ्या नव्या जबाबाची झेरॉक्स सोबत आहे. वर अपील करता येतं असं त्या माणसानं सांगितलंय, मुदत या महिनाअखेरपर्यंत आहे. अपिलात माझं नाव घाल. भाऊ म्हणून वगळू नकोस. बोलावतील तिथं येईन, विचारतील ते सांगेन, आणि काय व्हायचं ते माझं होऊ दे.

माफी मागत नाही. तू दिलीस तर ती कुठं ठेवायची हे मला कळणार नाही, आणि दाजी तर ती न मागताच देऊन गेलेत. ते जास्त वाईट आहे. त्यांना हे पत्र दाखवायचं की नाही, तुझं तू ठरव.

खाली ‘तुझा दत्ता’ लिहीत नाही. पूर्ण नावानं सही करतोय, जानेवारीत केली होती तशीच. कुणी विचारलं तर दोन्ही ताडून बघता येतील.

दत्तप्रसाद बाळासो शिणगारे